केसभर फट

प्रिय ठकू,

तुझं पत्र आलं त्याला आज अठरा दिवस झाले. ‘काकू, तुला माझ्याकडे यायचंच नसेल तर सरळ सांग, पण दरवेळी नवी थाप मारू नकोस,’ हे वाक्य तू एकदा खोडून पुन्हा लिहिलंयस. म्हणजे रागाच्या भरात नाही लिहिलंस, विचार करून लिहिलंस. खरं आहे तुझं. तू बाळंत झालीस तेव्हा माझा पाय मुरगळला नव्हता. त्याआधी तुमच्या नव्या घरी यायचं ठरलं तेव्हा दाढही दुखत नव्हती. दोन्ही वेळा मी बॅग भरली आणि दोन्ही वेळा मीच ती रिकामी केली. का, ते सांगायला आज बसलेय. बाळ झोपलं असेल तेव्हा वाच, आणि एका दमात वाच.

तू गेल्यापासून इथे काही बदललेलं नाही. वर आपल्या दोन खोल्या, खाली वर्कशॉप, आणि बाहेर पडायचं तर अजूनही इंजिनांच्या मधूनच जावं लागतं. शाळेत कुणी विचारलं की तू ऐटीत सांगायचीस, ‘माझे अप्पा मेलेल्या वॉटर स्कूटर जिवंत करतात.’ आठवतं? गिऱ्हाईक यायचं, पुन्हा बांधलेल्या इंजिनाकडे संशयाने बघायचं आणि विचारायचं, जुनंच ना हे, भर पाण्यात दगा नाही ना देणार? भाऊजी, म्हणजे तुझे अप्पा, हात पुसत म्हणायचे, ‘नवं इंजिन कुणी बांधलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. हे मी बांधलंय.’ यात फुशारकी नव्हती. सगळं इंजिन सुटं करायचं, धुवायचं, सिलिंडर आतून घासून गोल करायचा, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी घालायची, मग टाकीतल्या पाण्यात चालवून बघायचं. त्यांची इंजिनं नव्यांपेक्षा जास्त चालायची.

मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. तुझे काका गेले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेरचे न्यायला आले होते. भाऊजी म्हणाले, ‘तिला विचारा.’ आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. पुढे तुझी आई गेली, तू नऊ वर्षांची होतीस, आणि मग जायचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी माझ्या हातात मापाचं यंत्र दिलं आणि सांगितलं की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात केसाएवढी फट ठेवायची. कमी पडली तर पिस्टन तापून फुगतो आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. बेंबीच्या देठापासून ओरडायचे माझं चुकलं की. पण बरोबर आलं की दिवसभर शीळ घालत फिरायचे. मला बाहेरच्या जगात कुणी विचारलं नसतं, त्यांनी मला कारागीर केलं. हे मी विसरले नाही म्हणूनच पुढचं सगळं झालं.

तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी बांधायला घेतलेला सिलिंडर मी सहज मोजला. त्यांनी पाटीवर लिहिलेलं माप आणि माझं माप जुळेना. मला वाटलं माझंच चुकलं. चार वेळा मोजलं. मग लक्षात आलं की मापाच्या यंत्राच्या तबकडीवरचे बारीक आकडे त्यांना दिसतच नाहीत, अंदाजाने वाचतात. जेवताना मी नुसतं म्हटलं, ‘भाऊजी, चष्म्याचा नंबर बघून घ्यायचा का?’ ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘माझ्या बोटांना डोळे आहेत.’ मग ते दुपारी एक ते तीन आडवे झाले की मी खाली यायचे, त्यांनी बांधलेलं उघडायचे, मोजायचे, चुकलेलं दुरुस्त करायचे आणि नट होते तसे आवळून ठेवायचे. त्यांना काही कळलं नाही. गावात नाव तसंच राहिलं.

आता तुला कळलं असेल मी चार दिवससुद्धा का येऊ शकले नाही. त्या चार दिवसांत एक तरी इंजिन बाहेर पडलं असतं. बोटींच्या प्रशिक्षण शाळेत मला शिकवायला बोलावलं होतं, तेही मी नको म्हटलं. कधी कधी जिन्यावर उभी राहून दाराकडे बघायचे आणि वाटायचं, की हे दार उघडंच आहे आणि तरी मला बाहेर पडता येत नाही. पण तुझ्यापासून काय लपवू, यात माझाही वाटा आहे. मी झाकत राहिले म्हणून त्यांना कधी दिसलंच नाही. आणि माझ्यावाचून इथे पान हलत नाही, हे मला आवडतही होतं.

मग मला ताप आला. आठ दिवस मी वरच्या खोलीत पडून होते आणि खालून हातोडीचा आवाज ऐकत होते. त्या आठ दिवसांत तीन इंजिनं मी न तपासताच गिऱ्हाइकांकडे गेली. परत मागवायची तर भाऊजींना कारण सांगावं लागलं असतं, म्हणून नंतरही मागवली नाहीत. टाकीत वीस मिनिटं तिन्ही झकास चालली. तिथे काही कळत नाही, भर वेगात तापल्यावरच कळतं.

त्यातलं एक तलावावरच्या बचाव पथकाचं होतं. महिन्याभराने दोन पोहणारे दमून मध्येच अडकले, त्यांना आणायला पथकातला एक जण स्कूटर घेऊन निघाला आणि निम्म्या वाटेत इंजिन जाम. तो नुसता बसून त्यांच्या हाका ऐकत राहिला. एका मासेमाराची होडी जवळ होती म्हणून दोघं वाचले. इंजिन आपल्याकडे आलं ते मी उघडलं. पिस्टन चारही बाजूंनी सारखा खरवडलेला. फट कमी पडल्याची एवढी स्वच्छ खूण मी दुसरी पाहिली नाही. भाऊजी मात्र म्हणाले, ‘धुताना नळाचं पाणी न जोडता चालवलं असणार. लिही तसं.’ ही इंजिनं वाहत्या पाण्यानेच थंड राहतात; पाण्यावाचून चालवलं असतं तर धुराची रबरी नळी आधी जळली असती. ती कोरी करकरीत होती. मी ती हातात धरून उभी होते, ठकू. आणि पथकाला द्यायच्या कागदावर मी लिहिलं, ‘वापरणाऱ्याची चूक.’ खाली सही केली.

दोन महिन्यांनी मी तलावावर दुसरी एक स्कूटर बघायला गेले, तर पथकातला तो माणूस तिकीट खिडकीत बसलेला. त्याला पाण्यावरून काढलं होतं. मला वाटलं आता चार शब्द ऐकवेल. तो बाहेर आला, मला बसायला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाला, ‘ताई, मी नळ जोडायला विसरलो असेन का हो? मला तर जोडल्याचं आठवतंय. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे विसरलोच असेन. हल्ली घरचं कुलूपसुद्धा तीनतीनदा तपासतो.’

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट घरी आले असते. पण एका धडधाकट माणसाला स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटेना, आणि तो मी घालवला होता. मी तिथेच त्याला सांगितलं. चूक आमची आहे, तुमची नाही. त्याच्या साहेबांनाही तसं लिहून दिलं. उरलेल्या दोन्ही इंजिनांच्या मालकांना फोन करून सांगितलं, पाण्यात घालू नका, परत पाठवा. मग घरी येऊन भाऊजींना सांगितलं. परवा सकाळची गोष्ट.

ते ओरडले नाहीत. समोरचा सिलिंडर घेतला, मापाचं यंत्र आत घातलं आणि आकडा सांगितला. मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा मोजलं, तोच आकडा सांगितला. मग यंत्र न हलवता माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, ‘वाच.’ मी वाचलं. त्यांनी विचारलं, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, तीन वर्षं. तुम्ही दुपारी आडवे झालात की उघडून दुरुस्त करते, हेही सांगितलं. ‘म्हणजे तीन वर्षं माझं एकही इंजिन माझं नव्हतं,’ एवढंच म्हणाले आणि जिना चढून वर गेले. तेव्हापासून खाली आलेले नाहीत. ताट दाराशी ठेवते, रिकामं परत मिळतं. मी खाली काम करते आणि वर त्यांच्या येरझाऱ्या ऐकते. पूर्वी निदान दोघं मिळून अडकलो होतो, आता एकेकटे अडकलोय.

हे पत्र माफी मागायला लिहीत नाहीये. आज सकाळी त्यांनी दारातून विचारलं, ‘ठकूला फोन लावून देशील? मला आकडे दाबता येत नाहीत.’ डोळ्यांची ही गोष्ट ते पहिल्यांदाच तोंडाने बोलले. मी म्हटलं, रविवारी लावते, कारण तोवर हे पत्र तुला मिळालेलं असेल. ते म्हणतील, काकूने माझं नाव धुळीला मिळवलं. म्हणू दे. माझी बाजू घेऊ नकोस, मध्ये तोडू नकोस. त्यांचं बोलून संपलं की फक्त विचार, ‘अप्पा, डोळे दाखवायला माझ्याकडे येता का?’ माझ्या तोंडून हे निघालं तर आज ते त्यांना सुरीसारखं लागेल, तुझ्याकडून चालेल. नाही म्हणतील. तरी पुन्हा विचार. त्यांना वर तसं सोडून मला कुठे जाता येत नाही, आणि इथे राहवतही नाही.

तुझीच,
काकू