पाठीतलं पाणी

शिरूर,
१२ जून २००१

चि. हर्षदा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. पाऊस अजून नाही. तुझ्या वहिनीचे पापड सुकताहेत. कस्तूची दाढ दुखायची राहिली का? तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं.

येत्या रविवारी भीमराव आपल्या आईला पाबळला, धाकट्या भावाकडे पोचवणार, असं तू लिहिलंस. तुझ्या सासूचं, अनसामावशींचं अंथरूण तू पडवीत काढलंस. कस्तूला त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीस. ‘माझ्या लेकीचे कान त्या म्हातारीनं घेतले.’ आणि खाली, ‘दादा, तू सुटी काढून आलास म्हणून पोरगी वाचली तरी.’ हे वाक्य मी चार दिवस वाचतो आहे.

रोज एसटीनं पुण्याला जाऊन मी काय करतो, असं तू मागे विचारलं होतंस. गावात मला डॉक्टर म्हणतात आणि मी कधी नाही म्हटलं नाही. मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवतो. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात पातळ पडदे असतात. त्यांच्या आतलं पाणी, तेच पाठीतलं पाणी. उंदरांच्या त्या पडद्यातल्या पेशी मी ताटलीत वाढवतो. त्या एकमेकींना कडेनं घट्ट धरून बसतात. बाहेरचं आत येऊ देत नाहीत. सूज आणणारा पदार्थ घातला की पकड सुटू लागते. वर रंग घालायचा, खाली किती झिरपला ते तासातासाला मोजायचं. सहाव्या तासाला फरक दिसतो. दुसऱ्या दिवशी पेशी जिवंत असतात, पण सुट्या.

हे माझ्या वहीत गेल्या वर्षी मार्चमध्येच लिहिलेलं आहे. कस्तू आजारी पडली एप्रिलमध्ये. म्हणजे तास वाया गेले तर काय होतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं.

दौंडच्या दवाखान्यात दुपारी दोनला डॉक्टर म्हणाले, मान ताठ आहे, मेंदूज्वर वाटतो, पाठीतलं पाणी काढून तपासू, मग नेमकं औषध देता येईल. मावशी आडव्या आल्या. “पाठीत सुई न्हाई घालू द्यायची. हौशीरामाच्या पोराला घातली, त्यो पुन्यांदा उभा ऱ्हायला न्हाई.” तुला एवढंच माहीत आहे. नंतर तू आत कस्तूजवळ बसलीस. भीमराव तिचं रक्त तपासायला देऊन यायला गेले.

चारच्या सुमाराला मावशी नळापाशी माझ्याकडे आल्या.

“बन्सी, तू शिकलेला हाईस. सुईनं पाय जात्यात का रं?”

“नाही जात.”

“मग घालू दे त्येला. मी अडाणी, मला भ्या वाटतंय. तू व्हय म्हन, मी भिमाला सांगते.”

मी व्हय म्हटलं नाही. माझ्या शब्दावर सुई जाईल आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर गाव म्हणेल, डॉक्टरमामानं मारली. डोक्यात एवढंच होतं. आपले आबा आजारी मेंढराला एक रात्र द्यायचे. बांधून ठेवायचे, सकाळी उठलं तर आपलं. तेच माझ्या तोंडून आलं.

“आजची रात्र देऊ, मावशी. सकाळी बघू.”

त्या म्हणाल्या, “रात मेंढराला देत्यात, बाबा. पोरीला?”

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, आजी ऐकत नाहीत. तुलाही तेच सांगितलं. सकाळी कस्तूला झटके आले, तेव्हा पाणी काढलं. ते गढूळ होतं. पाय गेले नाहीत. ती वाचली. कान गेले.

त्याच दिवशी पाणी काढलं असतं तर कान राहिले असते का, हे कुणी खात्रीनं सांगणार नाही. मी त्याच्या आड वर्षभर बसलो.

दिवाळीत तू सगळ्यांसमोर मावशींना बोललीस. मी ताटावर होतो, जेवत राहिलो. निघताना मेंढरांच्या वाड्यापाशी त्यांना गाठून विचारलं, तुम्ही सांगत का नाही?

“तिला आई न्हाई, बाप न्हाई. म्हायेर म्हंजी तू. सून माज्यावर रुसली तर रुसंल, मी हाय इथंच. तुज्याशी तुटली तर कुटं जाईल?” मग हसल्या. “आन् डॉक्टर म्हनं! शेळी बरी, वरडती तरी.”

मला राग आला नाही. मला हलकं वाटलं, हर्षदा. हे लिहायला सगळ्यात जड गेलं. एसटीत मला झोपही लागली.

यवतच्या फोनवाल्याकडे निरोप ठेवून तुला बोलावता आलं असतं. पण फोनवर मी तुझा आवाज ऐकला असता आणि पुन्हा पापडांचं बोलत बसलो असतो.

रविवारच्या आत हे पत्र भीमरावांना वाचायला दे. मावशींना वाचता येत नाही. त्यांना समोर बसवून मोठ्यानं वाच. नळापाशी त्या काय म्हणाल्या, तेही. मी काही गाळलं असेल तर त्या सांगतील. सांगितलं नाही तर समज, अजून मला झाकताहेत. त्यांना विचारत राहा.

राखीला मी आपणहून येणार नाही. बोलावलंस तर येईन, आणि कस्तूसमोर बसेन.

खाली ‘तुझा दादा’ लिहीत नाही. ते तू म्हणशील तर.

बन्सी