ओढा कुरणात शिरला

३ सप्टेंबर
आजही काही नाही. सकाळच्या धारा काढल्या की धावत ओढ्यावर, संध्याकाळी पुन्हा. पाणी नितळ, अंथरलेली खडी स्वच्छ, आडवे टाकलेले ओंडके जागच्या जागी. फक्त मासू नाहीत — अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात चढणारे ते मासे! सिमेंटचा सरळसोट ओढा फोडून गावाने त्याला वळणं करून दिली — उन्हाळाभर सगळे चिखलात राबले. गावातले ओइकावा काका म्हणतात, "मासू समुद्रातून पोहत येतो गं चिसा, बसने नाही!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

४ सप्टेंबर
नाही.

८ सप्टेंबर
दादाशी पुन्हा वाजलं. ओढ्यासाठी कुरणाच्या काठाचा पट्टा त्याने दिला तोच मुळी नाक मुरडत. मी म्हटलं, अजून थोडं कुरण सोड, ओढ्याला पसरायला जागाच नाही. "आणि हिवाळ्यात गाईंना काय घालू? तुझे मासे? बाबांनी दलदल उपसून केलंय ते कुरण!"
बाबा माझेही होतेच ना! तो भात अर्धा टाकून उठला.

१५ सप्टेंबर
वादळ. ओढ्याचा आवाज गोठ्यापर्यंत येतोय. दादा सारखा दाराशी जाऊन उभा राहतो. मग मी जाते. एकमेकांकडे बघत नाही.

१७ सप्टेंबर
संपलं सगळं. ओंडके वाहून गेले, वळणं बुजली. ओढा काठ फोडून थेट कुरणात शिरलाय — मधोमध नवा प्रवाह! कापायला आलेलं गवत खडीखाली गाडलं गेलं. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "झालं समाधान?"
ओढा परत जुन्या जागी ढकलायला त्याने खोदाईचं यंत्र सांगितलंय. मीही हो म्हटलं. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

२६ सप्टेंबर
उद्या यंत्र येणार. इतक्या दिवसांत तिकडे फिरकले नाही. कशातच मन लागत नाही. गोठा दोनदा झाडला.

२७ सप्टेंबर
गाई हंबरून बेजार — दादाचा पत्ता नाही! उभ्या जन्मात त्याने धारा चुकवल्या नाहीत. कुरणात पळत गेले. नव्या प्रवाहाच्या काठी उकिडवा बसलेला. हातानेच 'खाली बस' म्हणाला. पाण्यात मासूची जोडी. अंडी घालायला खळगा करत मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवत होती — आमच्या कुरणात!
"यंत्रवाल्याला परत पाठवलं," दादा कुजबुजला. "जा, धारा तू काढ. मी बसतो इथे."