रिकाम्या टँकरची ट्रायल

मंगळवार, दिवेलागणीला

आज टेकडीवरच्या वस्तीला पाणी गेलं न्हाई. सोसायटीचा टँकर अर्ध्या वाटंत पोट टेकवून बसला. बाया हंडे घेऊन दिवसभर उन्हात. आन् सोसायटीचा चेअरमन कोण, तर माझाच पोरगा, दिगंबर.

चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वजनानं तुटत्यात म्हणून त्यानं टँकरला त्यांच्या जागी रबरी हवेचे फुगे बसवले. तवाच मी इचारलं, यात हवा भरणार कोण? म्हणला, "आई, बॅटरीवरचा कंप्रेसर घेतो. इंजिनला हात लावाया नको." मी म्हणलं, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा घे. वीस वरसं गिरणी चालवली म्या, पट्ट्यावर. इंजिन चालू तोवर हवा चालू. दर खेपंला टँकर भरला की फुग्यात हवा भरायची, रिकामा झाला की सोडायची. बॅटरीवरच्या कंप्रेसरची ती बारकी मोटर किती दम धरंल? आज तापून जळाली.

"ट्रायल घेतलीय, बेस चालतो," म्हणला व्हता. ट्रायल घेतली कशी, तर रिकाम्या टँकरवर. दुष्काळात पाणी कावून वाया घालवायचं, म्हणून. रिकामा टँकर. त्यो तर मी बी उचलंन. पण ट्रायलच्या वक्ताला मी गप कावून बसले? चेअरमनला चारचौघात बोलायचं न्हाई म्हणून?

आता जेवताना खाली मान घालून म्हणला, "उद्या पट्ट्याचाच बसवतो. पण ट्रायलचं आई..."

"टँकर काठोकाठ भर," म्हणलं, "आन् ट्रायल वस्तीवर घे. तिथं थेंब वाया जायचा न्हाई."