घाटातलं पांढरं धोतर

सालेकसा, ९ जानेवारी १९५५

आमचा फिरता दवाखाना म्हणजे एक मोटारच. डॉक्टर आणि मी तिच्यातच राहतो, मी ड्रायव्हर. आज सकाळी डोंगरावरच्या टोल्यातून, म्हणजे छोट्या वस्तीतून, सुकराम बायकोला घेऊन आला. दोन दिवसांपासून अडलेली. डॉक्टर म्हणाले, गोंदियाला नेल्याशिवाय इलाज नाही. पण घाटात धुकं इतकं, की रस्ताच दिसेना. मी थांबू म्हटलं. सुकराम म्हणाला, "डायवर भाऊ, मी समोर चालतो. माह्या पाठीवर पांघरलेलं पांढरं धोतर पाहून गाडी आन."

बायकोला गाडीत मागे डॉक्टरांजवळ झोपवून तो अनवाणी चालत राहिला, मी त्या धोतरामागे. अर्ध्या घाटात डॉक्टर मागून हळूच म्हणाले, "गेली. पोटातलंही गेलं."

तेव्हाच थांबायला हवं होतं का? बाजूला दरी, अशी थंडी, तिथे त्याला काय सांगणार होतो? मी चालवतच राहिलो. आणखी तासभर पुढे ते पांढरं धोतर.

खाली ऊन लागलं तेव्हा मी गाडी थांबवली. तो धावत आला. "आता कायले थांबला? हाण ना जोरात!"

डॉक्टरांनी सांगितलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. "कधी?"

"आत्ताच," मी म्हणालो.