मागच्या फाटकाशी तीन सायकली

प्रिय ठमे,

फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. फोन कानाला लागला की ‘हो, बरं, जेवलीस का’ यापलीकडे माझी गाडी जात नाही, आणि ठेवून दिला की मग सगळं सुचायला लागतं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस. घर ठीक, मी ठीक, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं रडगाणं ठीक. आणि तुझी आई आठवड्यातून दोनदा, कामावरून सुटली की सायकलवरून फिरते. हसू नकोस. पत्र वाचून झालं की हस हवं तर.

तू नोकरीसाठी गेलीस आणि तुझी सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. विकून टाकावी म्हणून दुरुस्तीच्या दुकानात ढकलत नेली. तिथे एक धिप्पाड बाई दुकानदाराला बाजूला सारून स्वतःच स्वतःच्या चाकाचं पंक्चर काढत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘विकताय कशाला, चालवा की.’ मी म्हटलं, ‘या वयात?’ तर म्हणते, ‘मग कुठल्या वयात?’ मी सायकल परत घेऊन आले. ती क्रेनवाली. गोदीत क्रेन चालवते. तिच्याबरोबर आधीपासून दोघी होत्या. एक बेकरीवाली, बुटकी, गालावर कायम कुठेतरी पीठ. दुसरी बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस, तिला सगळ्या बाटलीबाई म्हणतात. बिचारी आयुष्यात सरबताच्या पुढे गेलेली नाही, पण तोंडाची टकळी अशी की ऐकणाऱ्यालाच चढावी. आणि उतार दिसला की मी दोन्ही ब्रेक आवळते, म्हणून मी ब्रेकबाई. आमच्या खऱ्या नावांशी कुणाला काही देणंघेणं नाही.

पहिले काही दिवस माझी कंबर माझ्याशी बोलत नव्हती. मग एका संध्याकाळी तलावाच्या बांधावरून जाताना वारा पाठीशी आला. पाय मारावेच लागेनात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लांबवर पसरलेली शेतं, आणि मधून मी आपली आपोआप चाललेली. ठमे, मला कळेचना की हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही. इतकी वर्षं मी हे शरीर फक्त कामावर नेत होते आणि घरी आणत होते.

मग क्रेनवालीच्या डोक्यात आलं की दर वेळी चौकातूनच का निघायचं? एकेकीच्या कामाच्या जागी जमू, जागा बघू आणि मग तिथून निघू. पहिली पाळी तिचीच. गोदीत आम्ही तिघी माना वर करून उभ्या. वर, पार वर, काचेच्या एवढ्याशा खोलीत ती बसलेली, बोटभर दिसत होती. तिने घराएवढा लोखंडी खोका उचलला. तो आमच्या डोक्यावरचं आभाळ झाकत आला, हळूच वळला आणि जहाजावर असा टेकला की आवाजसुद्धा झाला नाही. पाळण्यात पोर ठेवावं तसा. बाटलीबाईची टकळी त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडली.

पुढच्या वेळी बेकरी. संध्याकाळचा शेवटचा घाणा भट्टीतून निघाला तेव्हा बेकरीवालीने आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. म्हणाली, ‘ऐका.’ फळ्यांवर पाव रांगेने मांडलेले, आणि त्यांतून तडतड, कुरकुर असा बारीक आवाज येत होता. गरम कवच गार हवेत आलं की तडकतं म्हणे. जन्मभर पाव खाल्ला, पण तो बोलतो हे मला माहीत नव्हतं. आणि बाटल्यांचा कारखाना! लालभडक वितळलेल्या काचेचा थेंब वरून पडतो, साच्यात फुगतो, बाहेर येतो तेव्हा निखाऱ्यासारखा, आणि बघता बघता त्याच्यातला लाल रंग विझून आरपार दिसायला लागतं. ती ओळ धाडधाड पुढे सरकत असते आणि बाटलीबाई गप्पा मारता मारता नेमकी तडा गेलेली बाटली उचलून बाजूला टाकते. आपण ज्यांच्याबरोबर दात काढत फिरतो त्या बायका दिवसभर हे असं काही करतात, हे बघून मी घरी आल्यावर कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

आणि मग माझी पाळी आली. मी रुग्णालयात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी नर्स समजलं की कारकून, मी विचारलं नाही आणि त्यांनीही नाही. मी आज एक सबब, उद्या दुसरी. दाराशी रुग्णवाहिकांची गर्दी असते, साहेब तापट आहेत, जिना धुतलाय. तळमजल्याच्याही खाली, शवागाराशेजारच्या खोलीत मी गेलेल्या माणसांना न्हाऊ घालते, कपडे चढवते, केस विंचरते आणि मग घरच्यांच्या स्वाधीन करते, हे तुला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. तुला तर तेही ठाऊक आहे, की आपल्या आधीच्या घराच्या शेजारणीला हे कळल्यावर तिने माझ्याकडून परत आलेली वाटी घासायच्या भांड्यांत न टाकता कचऱ्यात टाकली होती. तू तेव्हा खिडकीत उभी होतीस. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. या तिघी मला गमवायच्या नव्हत्या, एवढंच.

गेल्या महिन्यात एके दिवशी बेकरीवाली आली नाही. आई आजारी आहे एवढं कळलं. दोन दिवसांनी सकाळी रुग्णालयाच्या वरच्या वॉर्डातून एक म्हातारी माझ्याकडे आली. काटकुळी, पण केस केवढे! पांढरेशुभ्र आणि कमरेपर्यंत. मी नेहमीसारखं काम सुरू केलं. माझी एक सवय तुला सांगितलेली नाही. मी काम करताना त्यांच्याशी बोलते. ‘आता हात उचलते हं, आजी. पाणी कोमट आहे. झालंच, आता पाठ.’ कुणी शिकवलेलं नाही. न बोलता एखाद्याच्या अंगाला हात लावणं मला जमत नाही, इतकंच. आणि केसांना कंगवा लावण्याआधी घरच्यांना मी भांग कुठल्या बाजूला ते विचारतेच. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचा भांग उजवीकडे पाडलेला होता. माणूस तेच, पण मला क्षणभर वाटलं की हे कुणा दुसऱ्यालाच माझ्या हवाली करतायत. ज्याने पाडला त्याचा दोष नव्हता, त्याला कोण सांगणार? म्हणून मी विचारते.

त्या दिवशीही विचारायला म्हणून मी दार उघडलं. बाहेर भिंतीला टेकून बेकरीवाली उभी होती.

हातात ओला कंगवा, अंगात रबरी एप्रन, लपवायला काहीच शिल्लक नाही. तिने माझ्याकडे बघितलं, कंगव्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘ब्रेकबाई, तू होतीस होय आत?’ मग म्हणाली, ‘मी मघापासून इथेच आहे. कुणीतरी आईशी इतकं मऊ बोलत होतं. मला वाटलं डॉक्टरांचंच काही चुकलं, आई उठली.’ एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मीही तिच्याजवळ जमिनीवर बसले. शेवटी मला जे विचारता येत होतं तेच मी विचारलं, ‘भांग कुठल्या बाजूला पाडायचा गं?’ ती म्हणाली, ‘भांग नाही. सगळे मागे घेऊन अंबाडा. मी घालू?’

मी आजींचं डोकं तळहातावर तोलून धरलं आणि तिने अंबाडा घातला. पीठ मळणारे, जाडजूड, भाजल्याच्या डागांचे हात. ते त्या पांढऱ्या केसांतून अलगद फिरत होते. पहिला सैल झाला तो तिने सोडला, दुसरा नीट बसला. मध्येच ती म्हणाली, ‘आई, जरा मान इकडे कर,’ आणि मी मान वळवली. त्या खोलीत मी इतकी वर्षं उभी आहे. मला वाटायचं, मृत्यूच्या जवळून जितकं बघण्यासारखं आहे तितकं मी बघून चुकले. त्या सकाळी कळलं की मी उंबऱ्यावरच होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता हिने बाकीच्यांना सांगितलं असणार. मी काम संपवून, पुढच्या दाराने न जाता, शववाहिका येते त्या मागच्या फाटकाने सटकायचं ठरवलं. बाहेर पडते तर फाटकाशी तीन सायकली आणि तीन बाया. क्रेनवाली हाताची घडी घालून म्हणाली, ‘चल, दाखव. तुझी पाळी कधीची राहिलीय.’

खोली त्या वेळी रिकामी होती. साहेबांना विचारलं, ते तापट बिपट काही नाहीत, लगेच हो म्हणाले. तिघी हेल्मेट काखेत धरून आत आल्या. स्टीलचं टेबल, नळ, घडी केलेल्या चादरी, वरती रस्त्याच्या पातळीला एक खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. क्रेनवालीने हळू आवाजात विचारलं, ‘मी दिवसभर एवढाले खोके उचलते. पण माणूस कसा उचलायचा गं?’ मी सांगायला लागले की एक हात मानेखाली, दुसरा खांद्यामागे, तर बाटलीबाई म्हणाली, ‘अशी हवेत काय शिकवतेस, माझ्यावर दाखव,’ आणि बूट काढून चक्क टेबलावर आडवी झाली. ‘गार आहे हो!’ म्हणून ओरडलीसुद्धा. आम्ही सगळ्या हसलो, त्या खोलीत, बेकरीवालीसुद्धा. मी तिच्या मानेखाली हात घातला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘आता मान उचलते हं.’ बाटलीबाईने डोळे मिटले. कडेने पाणी ओघळून कानात गेलं. मग उठून बसली. म्हणाली, ‘माझी वेळ आली की तूच हवीस बघ.’ क्रेनवाली लगेच, ‘नंबर लाव, मी आधी,’ आणि मग दोघी कुणी आधी जायचं यावर तावातावाने भांडायला लागल्या.

त्या संध्याकाळी आम्ही बांधावर जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं, पाण्यावर वाऱ्याच्या रेघा उमटत होत्या. बेकरीवालीने पिशवीतून पाव काढून माझ्याच हातात दिला. मी तोडून एकेकीला दिला आणि त्यांनी खाल्ला. जणू त्यात काही विशेषच नव्हतं. मी मात्र पाण्याकडे तोंड करून बसले होते, कारण माझा चेहरा त्यांना दाखवण्यासारखा राहिला नव्हता. ठमे, मी बाकी काही बघितलं नसेल, पण हे बघितलं.

आता तू परवा फोनवर म्हणालीस त्याबद्दल. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, तर आई रुग्णालयात ऑफिसात आहे असंच सांगू या, असं तू म्हणालीस, आणि मी नेहमीप्रमाणे ‘हो, बरं’ म्हणून फोन ठेवला. तुझ्यावर रागावले नाही. त्या खिडकीत उभ्या असलेल्या मुलीने काय बघितलं ते मला माहीत आहे, आणि तिने माझ्यासाठी ही खोट्याची भिंत घालायची म्हटलं तर मी तिला काय बोलू? पण ते ‘बरं’ मी परत घेते. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला येईन, छान साडी नेसून येईन, आपणहून काही काढणार नाही. पण विचारलं, तर मी काय करते ते सांगेन, आणि मान खाली न घालता सांगेन. त्याआधी ते त्यांना तुझ्या तोंडून कळावं असं मला फार वाटतं, म्हणून पत्र आज टाकतेय. कसं सांगायचं ते सुचलं नाही, घाबरलीस, राहूनच गेलं, तरी चालेल. स्टेशनवर मला घ्यायला येशील तेव्हा नुसती ‘नाही’ अशी मान हलव, मी समजेन. मग आपण दोघी मिळून सांगू.

तुझीच,
आई