गादीवाल्याच्या यकृताची हकीकत

तीर्थस्वरूप भावोजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (पूर्वी तुमच्या पाया पडायला वाकलो की हात गुडघ्यापर्यंतच पोचायचे आणि उरलेलं अंतर तुम्ही समजून घ्यायचात. आता ते थेट पावलांना लागतात. असं कशामुळे झालं, तेच लिहायला बसलोय.) तब्येतीची चौकशी नुसती रीत म्हणून करत नाही. ताई फोनवर "बरं चाललंय" म्हणते आणि लगेच शेजाऱ्यांच्या गोष्टी काढते, त्यावरून काय ते कळतं. अंगाची खाज कमी आहे का? पोटातलं पाणी पुन्हा काढावं लागलं का? जेवण जातं, की ताटात चमचा फिरवून उठता? याचं उत्तर ताईकडून नको, तुमच्याकडून हवं. इकडे दुकान, आमची ही आणि मी, तिघंही ठीक आहोत.

तर झालं असं. तुमचं यकृत आता औषधांना दाद देत नाही, कोणाच्या तरी यकृताचा तुकडा घेऊन बसवावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या संध्याकाळी आपण सगळे तुमच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ताईचा रक्तगट जुळत नव्हता, लेकीला दिवस गेलेले. कोणाची नजर माझ्याकडे वळायच्या आत तुम्ही जाहीर केलंत, "माझ्यापायी घरातल्या कुणाच्या पोटाला सुरी लागायची नाही. विषय संपला." जन्मभर शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाचा आवाज तो. सगळे जागच्या जागी ताठ झाले, मीही झालो. पण दुसऱ्या दिवशी सोफ्याचं कापड बघायला जातो असं ताईला सांगून (हिला खरं सांगून) मी हॉस्पिटलात गेलो आणि दंड पुढे केला. माझं रक्त तुमच्याशी जुळलं, भावोजी. इतक्या वर्षांत आपलं दुसरं काहीच जुळलं नव्हतं, म्हणून मी त्यांना पुन्हा एकदा तपासायला लावलं.

अडचण पुढेच होती. सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर गार मलम थापून त्यांनी ते यंत्र फिरवलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाई बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. यकृत करडं दिसायला हवं, माझं पांढरं दिसत होतं, नवाकोरा कापूस भरल्यासारखं. (तुम्हीच मला 'गादी' नाव ठेवलंत. मी सोफे-गाद्या भरतो म्हणून ते पडलं असं लोक समजतात. खरं काय ते आपल्या दोघांना माहीत आहे. पण मी आतूनही गादीच आहे हे त्या दिवशी कळलं.) बाई म्हणाल्या, "एवढ्या चरबीचं यकृत कापता येणार नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही. चरबी उतरवा, मग या." यात कसला न्याय आहे ते मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही कधी दारूला शिवला नाहीत, रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्यात, मी तळलेलं खायला लागलो की खुर्ची फिरवून बसलात. आणि तुमचंच शरीर तुमच्याच यकृतावर उलटलं. माझ्यावर मात्र कोणी उलटलं नाही, एवढी कारणं देऊनही.

उतरवा म्हणाल्या, तर मी उतरवायला लागलो. कसं, ते विचारायला थांबलो नाही, कारण मला वाटलं यात विचारायचं काय, खायचं बंद केलं की झालं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री पुन्हा काकडी. ही म्हणाली, अहो, निदान डाळ तरी घ्या. मी तिला यकृताचं गांभीर्य समजावून सांगितलं. काटा भराभर खाली येत होता. पँट कमरेवर राहीना, तेव्हा मी सोफ्याची दोरी बांधून हिंडलो आणि लोकांनी विचारावं म्हणून शर्ट आत खोचला. त्याच सुमारास एका वकीलबाईंच्या ऑफिसात तीन जणांचा सोफा पोचवायचा होता. असले सोफे मी एका टोकाला एकटा उचलत आलोय. दारात आडवा करून घेताना हातातला जोर असा गेला, जशी नळाची धार जाते. सोफा चौकटीत अडकला आणि मी त्याच्यावरच बसलो. पलीकडचा गडी जिन्याकडच्या बाजूला, वकीलबाई आत, त्यांचे अशील बाहेर आणि मधे मी. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या डोक्यावरून अशिलाशी बोलायला सुरुवात केली. भाऊबंदकीचा खटला होता. कागद माझ्या हातातून इकडून तिकडे जात होते. एका सहीसाठी तर माझ्या पाठीचा आधार घेतला गेला.

तरी मी ताठ मानेने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन बघून त्यांनी काही कौतुक केलं नाही. एक मूठ आवळायचं यंत्र हातात दिलं. काटा जेमतेम हलला. मग म्हणाल्या, हात छातीशी बांधा आणि या खुर्चीतून उठा. भावोजी, मी उठू शकलो नाही. पुढे झुकलो, जोर केला, आणि परत बसलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही चरबी कमी आणि मांस जास्त घालवलंत. मला टेबलावर धडधाकट माणूस हवाय, वाळलेला नको. ऑपरेशननंतर उभं राहायचंय ना?" मग त्यांनी समजावलं की उपाशी राहिलं की शरीर स्नायूही मोडून खातं. चरबी जायला हवी आणि स्नायू राहायला हवेत, तर खाणं थोडं कमी करायचं, बंद नाही. प्रत्येक जेवणात अंडी, डाळ, दही, मासे असं काहीतरी हवंच. साखर, तळलेलं आणि बेकरीचं सोडायचं. आणि वजनं उचलायची, म्हणजे शरीराला कळतं की हे स्नायू लागणार आहेत, यांना हात लावायचा नाही. सावकाश करा, म्हणाल्या. सावकाश म्हटल्यावर मला तुमच्या पोटातलं पाणी आठवलं. पण दुसरा रस्ता नव्हता.

इथे एक गोष्ट लिहितो, रागावू नका. त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आलो होतो. ताई आत होती, मी दारात चपला काढत होतो आणि तुम्हाला वाटलं कोणी बघत नाही. तुम्ही खुर्चीतून उठायला टेबलाची कड धरलीत, एकदा सुटली, पुन्हा धरलीत. तुमच्या मांड्या पायजम्यात कुठे आहेत ते दिसत नव्हतं. सगळ्या शाळेला बैठका काढायला लावणारे पाय ते. महिन्यापूर्वी मी ते बघून न बघितल्यासारखं केलं असतं. पण त्या खुर्चीतून न उठता येणं म्हणजे काय, ते मला नुकतंच कळलं होतं. मी चपला पुन्हा घातल्या आणि थोड्या वेळाने बेल वाजवून आलो.

त्यानंतर मात्र मी नीट लागलो. व्यायामशाळेत जायची लाज वाटली, म्हणून दुकानातच सुरू केलं. सोफ्याच्या तळाला आम्ही रबरी पट्टा ठोकतो, तो चौकटीला अडकवून ओढायचा. मोडक्या खुर्च्या डोक्यावर उचलायच्या. मुठीसाठी स्प्रिंगा दाबायच्या. एक पट्टा पिना उपटून सुटला आणि माझ्या कपाळावर बसला, वळ बघून गिऱ्हाइकांनी हिच्याकडे संशयाने पाहिलं. अंड्यांचं तर विचारू नका. ही रोज उकडून डबा द्यायची, आणि कोणी आलं की मी तो हाताला येईल तिथे लपवायचो. एक डबा एका गिऱ्हाइकाच्या दिवाणाच्या पोटात गेला, त्यावर कापड चढलं आणि तो दिवाण त्यांच्या घरी पोचला. पुढे त्यांचा फोन आला की दिवाणात काहीतरी मेलंय. मी नवीन डिंकाचा वास आहे, उडून जाईल असं सांगितलं. मग मनाला लागलं आणि जाऊन दिवाण परत आणला. (उघडताना ही शेजारी उभी होती. त्या दिवशी अंडी बंद झाली, मासे आले.)

गेल्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी झाली, आणखी दोन मोठ्या तपासण्याही झाल्या. वजन काकडीच्या दिवसांपेक्षा थोडं जास्तच होतं, त्यामुळे मी काट्यावर मान खाली घालून उभा होतो. पण यकृत करडं दिसलं, भावोजी. मुठीच्या यंत्राचा काटा उजवीकडे गेला. खुर्चीतून तर त्यांनी सांगायच्या आधीच उठलो. डॉक्टरीणबाई हसल्या असं म्हणणार नाही, पण चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता चालेल." दिलेला तुकडा तुमच्यात वाढतो, माझ्यात उरलेलाही वाढतो, असंही त्यांनी पुन्हा सांगितलं. बाकी सर्व क्षेम. ताईला काळजी करू नको म्हणावं. मोठ्यांना नमस्कार, लेकीला जपायला सांगावं.

आपला,
धाकटा

ता. क. वरची एवढी पानं मी पुढच्या ओळीसाठी लिहिली. तुम्ही हो म्हणा. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना एकत्र बोलावलंय. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या पुढची एकही गोष्ट करणार नाहीत. घरातल्या कुणाच्या पोटाला सुरी लागायची नाही म्हणालात. पोट माझं आहे, आणि डॉक्टरीणबाईंच्या 'आता चालेल'मुळे त्याचं पहिल्यांदाच कौतुक झालंय.

आणखी ता. क. (हे मी लिहितेय, यांची बायको. नमस्कार. यांनी शौर्य बरंच लिहिलंय. पहिल्यांदा रक्त घेतलं तेव्हा हे सुई बघून खुर्चीवरून घसरले होते, ते राहून गेलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बाहेरच्या पायरीवर बसून राहतात. घाबरलेत. मीही घाबरलेय. एकदा रात्रभर भांडले, नका जाऊ म्हटलं. हे म्हणाले, मग ताईकडे कोणत्या तोंडाने जेवायला जाऊ? सकाळी उठून मी यांचा डबा भरला. म्हणून भावोजी, माझ्याकडूनही हो समजा. यांनी पाकीट बंद करायच्या आत लिहितेय.)

शेवटचं. हिने लिहिलेलं वाचलं. खोडलं नाही, कारण खरं आहे. तरी मंगळवारी सकाळी टेम्पो घेऊन येतोय, मागे गादी टाकून, म्हणजे तुम्हाला आडवं होता येईल. नाही म्हणायचं असेल तर फोन करू नका, ताईकरवी निरोपही नको. स्वतः चार पायऱ्या उतरून टेम्पोपर्यंत या आणि मला तोंडावर सांगा. तेवढं चालत आलात तर मी मुकाट्याने परत जाईन. नाहीतर मी वर येतो. माझ्या अंगात आता तुम्हाला उचलून आणण्याइतका जोर आहे.