शाई आहे, पण छापत नाही

४ ऑगस्ट
सावंगीच्या दवाखान्यातून बसनं परत. लकव्यानंतर ह्यांचे हातपाय सावरले, बोलणं मात्र गेलंय. समजतं सगळं, तोंडातून शब्द निघत नाही. बोलायला शिकवणारी मॅडम आमच्या अजयहून लहान असेल. म्हणाली, "काकू, घरातल्याच गोष्टींचे रंगीत फोटो छापा, खाली नाव. रोज नवीन दाखवा. खंड नको."
अजयनं पुण्याहून पाठवलेला प्रिंटर कामाला लागला. गिलास, पलंग, गाय, अजय. शेवटी मी, खाली 'सुनंदा'.

७ ऑगस्ट
गिलास जमला! आधी "गि", मग श्वास, मग "लास". रडलेच मी.
माझा फोटो दाखवला की मान फिरवतात. लागलं मनाला. जेवण गेलं नाही.

८ ऑगस्ट
भांडी घासता घासता उमगलं, एकटीच हसत बसले. लग्नापासून ह्यांनी मला नावानं हाक मारलीय कधी? मी म्हणजे "अवो". आता ह्या वयात 'सुनंदा' म्हणतील होय! त्यात फोटो लग्नातला, नथ घातलेला. तीच बाई रोज चहा देते हे ओळखू कसं यावं?
रोजच्या साडीत फोटो काढला, खाली 'अवो' टाकलं, तर प्रिंटर अडला. शाई भरलेली, तरी छापणार नाही म्हणतो! अजयला फोन. "आई, माझं बँकेचं कार्ड बदललं, शाईची महिन्याची वर्गणी गेली नसंल. वर्गणी थांबली का कंपनी तिकडूनच नेटवरनं बंद करते. मी भरतो ना."
गणपतीची वर्गणी ऐकली होती. आमच्या घरात बसून आमचीच वीज खातो आणि हुकूम तिकडचा! लेकरानं मायेनंच घेतला, त्याला काय बोलू. म्हटलं, "राहू दे. पुन्हा अडला तं?"

११ ऑगस्ट
शेजारच्या बेबीताईंना ह्यांच्याजवळ बसवून पुलगावला गेले. दुकानदाराला आधीच बजावलं, वर्गणीवाला दाखवू नका.
"काकू, लेझर लय टिकते, पण स्वस्तातल्यात रंग नाई येत. तुमाले फोटो छापाचे हायेत, तं हा टाकीवाला घ्या. बाटली आणाची, शाई वताची. नेट-गिट लागत नाई. फक्त आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, नाई तं शाई वाळते."
घेतला. भरताना निळी शाई ओट्यावर सांडली. घासूनही जात नाही.

१३ ऑगस्ट
काल दिवसभर ह्यांना थकवा, काही दाखवलं नाही. आज अजयचा आणि माझा नवा, दोन्ही फोटो पुढ्यात ठेवले. तोंडाकडे बघत बसलं की ह्यांना संकोच होतो, म्हणून चहा ठेवायला आत आले.
मागून आवाज आला. "अ..."
जोर लावून, पुन्हा एकदा. "अ..." पुढचं आलंच नाही.
अवो की अजय, कोण सांगणार.
मी आतून ओ दिली.